चिमुकल्यांना गाणे शिकवताना

मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांमधून एक धांदल सुरू होते. भीमजयंतीच्या कार्यक्रमात लहान मुलांचे गाणे पाहिजे म्हणून मंडळाचे कार्यकर्ते घरोघरी फिरतात, ज्यांचा आवाज मोठा अशी पाच-सहा मुले निवडतात आणि पंधरा दिवसांत त्यांच्याकडून दोन गाणी घोटून घेतात. मोबाइलवर गाणे लावायचे आणि मुलांनी त्यावर ओरडायचे, एवढीच तालीम. गाणे असते मोठ्या गायकाच्या पट्टीत. ती पट्टी पोरांच्या गळ्याला झेपते की नाही हे कोणी पाहत नाही. मानेच्या शिरा ताणल्या जातात, आवाज बसतो, मग आई मध-आले चाटवते. चौदा एप्रिलच्या रात्री पोर स्टेजवर उभे राहते, टाळ्या पडतात, कोणी उत्साही काका शंभराची नोट छातीला लावतो, आणि पंधरा एप्रिलपासून पुढच्या मार्चपर्यंत त्या पोराचा गाण्याशी संबंध संपतो.

ही झाली निवडलेल्या मुलांची गोष्ट. न निवडलेल्यांची याहून वाईट आहे. "तुझा आवाज नाही रे, तू मागे बस," असे सहा वर्षांच्या मुलाला एकदा चारचौघांत सांगितले की ते मूल पुढे वंदनेतसुद्धा नुसते ओठ हलवते. आपल्या विहारात वंदना चालू असताना मागच्या रांगेकडे जरा पाहावे. तोंड मिटून उभी असलेली चाळीस-पन्नास वर्षांची माणसे दिसतील. त्यांतल्या कित्येकांना लहानपणी कोणीतरी असेच मागे बसवलेले असते.

म्हणून आम्ही हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. लहान मुलांना संगीत शिकवणे ही पैसेवाल्यांची हौस आहे, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. आम्हांला ते मान्य नाही. ज्या समाजाला पाटी-पुस्तक हातात धरू दिले नाही, त्या समाजाने आपला विचार गळ्यातून गळ्यात पोचवला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव जाऊन, ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते अशा माणसांपर्यंत बाबासाहेबांची चळवळ नेली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना अक्षरओळख मोठेपणी झाली, पण २००४ साली ते गेले तेव्हा त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या वस्तीवस्तीत तोंडपाठ होती. प्रल्हाद शिंदे यांच्या घरात तर आनंद, मिलिंद आणि पुढे आदर्श अशी तिसरी पिढी गाते आहे. आणि स्वतः बाबासाहेब! एवढ्या व्यापातून, उतरत्या वयात ते व्हायोलिन शिकायला बसले. ज्यांच्या टेबलावर देशाच्या कायद्याचे कागद होते त्यांना वाद्य शिकण्यात वेळ वाया जातो असे वाटले नाही. "गाणे-बजावणे करून काय पोट भरणार आहे?" असे मुलांना दटावणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

शिवाय आपल्या घरातले मूल गाण्यात कोरे नसते. शाळेत जाण्यापूर्वीच त्याच्या कानावर रोज त्रिसरण-पंचशील पडलेले असते. वंदना म्हणताना आपला आवाज दोन-तीन स्वरांतच फिरतो, शब्दाच्या शेवटी किंचित उतरतो, ठरावीक जागी श्वास घेतो. मुलाला संगीताचा पहिला धडा द्यायचा झाला तर तो याहून वेगळा काय असतो? स्वर थोडे, चाल सोपी, सगळे मिळून एकत्र म्हणायचे. जयंतीच्या दिवशीचा पाळणा, लग्नातली गाणी, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ही सगळी त्याचीच शिदोरी. बाबासाहेबांवर आपल्या आज्या-पणज्यांनी रचलेल्या ओव्या काही थोड्याथोडक्या नाहीत. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या लाखावर ओव्या गोळा करवून घेतल्या, त्यांत भीमाच्या ओव्यांचाही मोठा ठेवा आहे. ज्या घरात आजी अजून आहे त्या घराने तिच्या चार ओव्या तिच्याच आवाजात मोबाइलवर उतरवून घ्याव्यात. नातवाला त्याच ओवीने गाणे शिकवावे. याला पैसा लागत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांचा गाण्याचा वर्ग सुरू करायचे ठरले तेव्हा बैठकीत दोन आक्षेप आले. दोन्ही आक्षेप प्रामाणिक होते, म्हणून त्यांना प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप धम्माचा. नाच, गाणे, वाद्य यांपासून दूर राहावे असे शील असताना विहारात पेटी-ढोलकी कशी चालेल? हे शील आहे, हे खरेच. पण ते पंचशीलात नाही. ते अष्टशीलात येते आणि श्रामणेर-भिक्खूंच्या शीलात येते. उपोसथाच्या दिवशी जे उपासक-उपासिका अष्टशील घेतात त्यांनी ते त्या दिवशी पाळायचे असते. म्हणून आम्ही साधा नियम केला. पौर्णिमेला आणि उपोसथाच्या दिवशी वाद्यांवरचे कापड काढायचे नाही, आणि विहारात भन्तेजी मुक्कामाला असतील तर त्यांना आधी विचारायचे. बाकीच्या दिवशी पंचशील पाळणाऱ्या गृहस्थांच्या मुलांनी गाण्यात काही गैर नाही.

उलट दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्त ज्यांनी वाचले असेल त्यांना पंचशिख गंधर्व आठवेल. तो बेलुवपंडु नावाची वीणा घेऊन येतो आणि भगवंतांना गाणे ऐकवतो. गाणे तरी कसले, अर्धे प्रेमगीतच ते! त्यातच बुद्ध, धम्म आणि अर्हंत यांचाही उल्लेख आहे. भगवंत त्याला थांबवत नाहीत. ते म्हणतात ते एवढेच, की तुझ्या तारांचा आवाज गाण्यावर कुरघोडी करीत नाही आणि गाणे तारांवर कुरघोडी करीत नाही. आम्ही तर म्हणतो, आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांतील साउंडवाल्यांना हे सुत्त एकदा वाचून दाखवावे. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्या गदारोळात गाण्याचा एक शब्द कळत नाही. बाबासाहेबांवरच्या गाण्यात शब्द कळला नाही तर राहिले काय?

दुसरा आक्षेप याहून खोल होता आणि त्याला आम्हांला अजून पुरते उत्तर सापडलेले नाही. तो ढोलकी-हलगीबद्दलचा. आमच्या वस्तीतल्या एका वयोवृद्ध बाबांनी बैठकीत उभे राहून सांगितले की तुम्ही पेटी शिकवा, गाणे शिकवा, पण चामड्याचे वाद्य विहारात आणू नका. त्यांच्या वडिलांना गावात पाटलाच्या दारापुढे, मिरवणुकीपुढे, जत्रेत वाजवावे लागे. पाय दुखला म्हणून थांबायचे नाही, ताप आला म्हणून घरी बसायचे नाही, आणि मोबदल्यात पायरीखाली बसून शिळे अन्न. बाबासाहेबांचा शब्द गावात पोचल्यावर त्यांच्या वडिलांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले आणि त्याच वर्षी डफडे फोडून टाकले. त्यावरून गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हे सांगताना बाबांचा हात थरथरत होता.

कोकणात खालूबाजा, देशावर हलगी-डफडे, असे वाद्य आपल्यातील काही घराण्यांच्या आणि आपल्या मातंग बांधवांच्या माथी जातीचे काम म्हणून मारले गेले. गावाला वाद्य हवे होते. वाजवणाऱ्याला मात्र देवळाच्या बाहेर उभे राहावे लागे. ज्यांनी ती वाद्ये फेकली त्यांनी स्वाभिमानासाठी फेकली, हे आजच्या तरुणांनी विसरता कामा नये. हलगी म्हणजे आपली संस्कृती, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. मार त्यांनी खाल्लेला नाही.

पण आमचे म्हणणे असे की त्या काळी लाज वाद्याची नव्हती, सक्तीची होती. जे पोर आपल्या मर्जीने, आपल्या विहारात, आपल्या गाण्यासाठी ढोलकीवर थाप मारते, ते कोणाची चाकरी करीत नाही. उद्या त्याने ती सोडली तर त्याला कोणी विचारणार नाही. आणि चळवळीने वाद्य टाकले तरी कुठे? जलशात ढोलकी होती, शाहिरांच्या हातात डफ होता. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे, शाहीर विठ्ठल उमप यांचा डफ-ढोलकीशिवाय विचार करता येतो काय? बाबांना हे आम्ही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांचे मत बदलले नाही. म्हणून वर्गाची आखणी आम्ही अशी केली की आधी वंदना, मग गाणे आणि ढोलकी सर्वांत शेवटी. गाणे संपले की बाबा काठी घेऊन उठतात आणि घरी जातात, त्यानंतर ढोलकी निघते. त्यांच्या मनाविरुद्ध ती त्यांच्या कानावर घालण्यात आम्हांला पुरुषार्थ वाटत नाही.

तिसरा एक आक्षेप बैठकीत कोणी बोलले नाही, पण घरोघरी होता. मुलीने ढोलकीला हात लावायचा नाही. ढोलकी म्हणजे तमाशा अशी समजूत डोक्यात बसलेली. या बाबतीत मात्र आम्ही कोणाचे ऐकले नाही. कडूबाई खरात एकतारी हातात घेऊन बाबासाहेबांचे गाणे गातात ते ज्यांनी ऐकले, त्यांनी आपल्या लेकीला वाद्यापासून दूर ठेवू नये.

आता शिकवण्याबद्दल. आम्ही काही गवई नाही. पण वर्ग चालवताना आणि जाणकारांना विचारताना ज्या गोष्टी हाती लागल्या त्या सांगतो. इतर वस्त्यांना उपयोगी पडाव्यात.

सगळ्यांत पहिली गोष्ट पट्टीची. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा गळा या दोहोंहून वेगळा. त्याला सुखाने गाता येतील असे स्वर सुरुवातीला पाच-सहाच असतात. त्याला मोठ्यांच्या पट्टीत गायला लावले की ते एक तर खाली पुटपुटते किंवा वर किंचाळते, आणि आपण म्हणतो पोर बेसूर आहे. आमच्या वर्गात पेटी वाजवणाऱ्या ताई एक युक्ती करतात. मुलाला म्हणतात, समोरच्या गल्लीत आई आहे असे समज आणि तिला लांबून हाक मार. ती "आ-ई" अशी हाक ज्या स्वरावर येते तो स्वर पेटीवर शोधायचा. सात-आठ मुलांच्या हाका घेतल्या की वर्गाला कोणत्या स्वरांत सोपे जाईल हे कळते. त्या हाकेच्या चार स्वर खाली षड्ज धरायचा आणि गाणे त्यात बसवायचे. पेटीने मुलांकडे जायचे, मुलांना पेटीकडे ओढायचे नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण मुलाला "वरच्या आवाजात गा" म्हणतो आणि ते मोठ्याने ओरडते. त्याचा दोष नाही. घरात "आवाज चढवू नको" म्हणजे ओरडू नको, हेच त्याने ऐकलेले असते. वरचा स्वर वेगळा आणि मोठा आवाज वेगळा, हे त्याला अंगाने कळले पाहिजे. स्वर वर गेला की उभे राहायचे, खाली आला की उकिडवे बसायचे. मग तोच वरचा स्वर कुजबुजल्यासारखा हळू गायचा. हा खेळ पाच मिनिटे चालतो आणि मुले हसून लोळतात. घरी करायचे झाले तर चार वाट्यांत कमी-अधिक पाणी घ्यावे आणि चमच्याने हलकेच वाजवावे. पाणी जास्त तिथे स्वर खालचा, पाणी कमी तिथे वरचा. स्टीलपेक्षा चिनी मातीच्या वाट्यांवर हे अधिक चांगले कळते.

तिसरी गोष्ट त्या "मागे बस" म्हटलेल्या मुलाची. आमच्या अनुभवात सुराला न लागणारी बहुतेक मुले कानाने अधू नसतात. आपला आवाज हवा तिकडे वळवायचा कसा हे त्यांना गवसलेले नसते एवढेच. अशा मुलाला "हा स्वर लाव" म्हणून पुन्हा पुन्हा पेटी बडवून दाखवू नये. उलटे करावे. त्याला हवा तो स्वर लावू द्यावा आणि आपण पेटीवर तो शोधून काढावा. पेटी आणि आपला आवाज एक झाला हे त्याला ऐकू आले की त्याचा चेहराच सांगतो. मग तिथून एक पायरी वर, एक पायरी खाली. मधूनमधून रेल्वेच्या इंजिनाची शिटी, अँब्युलन्सचा भोंगा यांची नक्कल करायला लावावी, म्हणजे आवाज वर-खाली घसरवण्याची सवय होते. आमच्याकडे एक मुलगा पाच महिने असाच शिट्या मारत बसला होता. आईला वाटायचे, मास्तर याला टाळतात. सहाव्या महिन्यात तो सगळ्यांबरोबर वंदना म्हणू लागला. फार गोड आवाज आहे असे नाही, पण म्हणतो.

तालाचे शिक्षण पायापासून सुरू करावे. लहान मुलाला संथ लय धरता येत नाही. त्याचे पाऊल छोटे, चाल भराभर. म्हणून लय त्याच्या चालीवरून घ्यावी. मुले गोलात चालू लागली की त्यांच्या पावलांवर आपण टाळी द्यावी, मग हळूहळू टाळी थोडी संथ करावी. मग आठ आकडे मोजत चालायचे आणि एकावर जोरात पाय आपटायचा. आपल्या बहुतेक भीमगीतांना आठ मात्रांचा केरवा लागतो. धा गे ना ती, न क धि न. हे बोल आधी तोंडाने, मग मांडीवर, मग डब्याच्या झाकणावर, आणि सगळ्यांत शेवटी ढोलकीवर. सहा मात्रांचा दादरा पाळण्याच्या झोक्यासारखा चालतो, तो मुलींनी आमच्याआधी ओळखला. आम्ही पडलो आकडेमोडीची माणसे, रकाने मांडून मात्रा समजावून सांगायला गेलो, तेव्हा सगळा वर्ग जांभया देत होता. चालायला लावले तेव्हा कुठे समजले.

काही जणांनी टाळ वापरण्याला नाक मुरडले. दिंडीची आठवण होते म्हणे. लहान हातांना टाळ आणि खंजिरी सोयीची पडते, म्हणून आम्ही वापरतो. पितळेच्या दोन वाट्या कोणाच्या मालकीच्या नाहीत.

वेळ किती द्यावा? सहा वर्षांखालच्या मुलांना वीस मिनिटे पुष्कळ झाली. त्यानंतर ते खिडकीतून बाहेर पाहू लागतात, आणि त्यांचे बरोबरच असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पाऊण तास चालतो. पेटीवर बोटे टाकायला हात पट्ट्यांवर नीट पसरेल एवढा मोठा व्हावा. चार वर्षांच्या पोराला पेटीपुढे बसवून फोटो काढण्यात अर्थ नाही.

पालकांपैकी काही जण फार उत्साही असतात. टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून त्यांना वाटते, आपले पोर सहा महिन्यांत तिथे पोचावे. मग रोज दोन तास रियाज, चुकले की चापट. त्यांच्यासाठी सोण स्थविरांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. चंपा नगरीतला हा सुखवस्तू घरातला तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले, एवढा त्याने जीव काढला. तरी हाती काही लागेना म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला विचारले की तू गृहस्थ असताना वीणा चांगली वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर ती वाजायची काय? फार सैल सोडल्या तर वाजायची काय? पुढचे सोणाने स्वतःच ओळखले. धम्मातला मध्यम मार्ग समजावण्यासाठी तथागतांनी वीणेचा दाखला दिला. तोच दाखला मुलांच्या रियाजाला लावला तर काही बिघडणार नाही. रोज दहा मिनिटे आणि तीही आई किंवा बाप शेजारी बसून. मूल गात असताना टीव्ही बंद.

कानांची काळजी हा वेगळा विषय होईल, पण दोन शब्द. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपण दोन-दोन वर्षांची पोरे खांद्यावर घेऊन नाचतो. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालतात. डीजे ती किती ओलांडतो ते सांगायला यंत्र लागत नाही, खिडकीच्या काचा सांगतात. मुलाला गाणे शिकवायचे आणि त्याचा कानच घालवायचा, हे कोणते शहाणपण?

ज्या मुलांना पुढे रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्या चढत जातात. गायन, तबला, पेटी सगळ्याला आहेत. एके काळी या विद्येची दारे आपल्याला बंदच होती. घराण्यातली तालीम कोणाला मिळायची ते सांगायला नको. आज फी भरून कोणालाही परीक्षेला बसता येते आणि आपल्या मुलांनी बसावे. दहावीला शास्त्रीय संगीताच्या आणि लोककलेच्या ठरावीक परीक्षा वा प्रमाणपत्रांवर वाढीव गुण मिळण्याची तरतूद आहे. त्याच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा नववीतच शाळेच्या कार्यालयात चौकशी करून कागद तयार ठेवावेत. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो. मात्र परीक्षेसाठी म्हणून पाच वर्षांच्या मुलाला राग-आरोह पाठ करायला लावू नये. ते वय ऐकण्याचे आणि मिळून गाण्याचे आहे.

शाळेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. वेळापत्रकात कलेचा तास असतो, पण पुष्कळ शाळांत तो गणिताने नाही तर कसल्या तरी सर्वेक्षणाने खाल्लेला असतो. म्हणून विहार. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. या तीन महिन्यांत विहारात रोज ग्रंथवाचन असते, माणसे येतात, मुलेही येतात. नवा वर्ग सुरू करायला याहून चांगला मुहूर्त नाही (मुहूर्त हा शब्द आम्ही सवयीने वापरला, वाचकांनी रागावू नये). बारा-तेरा रविवार मिळतात. तेवढ्यात वंदना सुरात, आजीच्या दोन ओव्या आणि एक भीमगीत एवढे नक्की होते. फक्त पावसाळ्यात वाद्ये जपावी लागतात. ओलीने पेटीचे सूर दबतात, ढोलकीचे कातडे सैल पडते. दोन्ही जमिनीवर न ठेवता फळीवर, कापडात गुंडाळून ठेवावीत. ढोलकी वाजवल्यावर तशीच कोपऱ्यात लोटून देण्याची सवय मुलांना लागू देऊ नये.

आता राहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा. प्रत्येक वस्तीत एक तरी माणूस असतो, ज्याला पेटी येते. कोणी पूर्वी कव्वालीच्या पार्टीत असतो, कोणी जलशात, कोणी बँडमध्ये. कोणी ताई असतात, ज्यांचा आवाज सगळ्या विहाराला माहीत असतो. त्यांना बोलवावे. पण फुकट बोलवू नये. आपल्या समाजाने आपल्या गायकांना हार पुष्कळ घातले, घरभाडे मात्र क्वचित विचारले. जलसे-कव्वाल्यांत आयुष्य काढलेले किती कलावंत उतारवयात औषधाला महाग झाले ते आपण पाहिलेले आहे. "समाजाचे काम आहे, पैसे कसले घेता?" हे वाक्य कलावंतालाच ऐकवले जाते, मंडपवाल्याला नाही.

आमचा हिशेब असा आहे. वर्गात तीस मुले आहेत. महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे दीड हजार. दोन भावंडे असली तर दुसऱ्याचे निम्मे. ज्याचे वडील घरी बसले आहेत त्याच्याकडून काहीच नाही, आणि ते कोण हे खजिनदाराखेरीज कोणाला कळत नाही. कमी पडते ते विहार समिती घालते. त्यातून पेटीवाल्या ताईंना आणि ढोलकी शिकवणाऱ्या भाऊंना मानधन जाते. ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलांसमोर, पाकिटात, सही घेऊन दिले जाते. या वर्गाचे पावतीपुस्तक वेगळे ठेवलेले आहे. जयंतीच्या वर्गणीत ही रक्कम मिसळायची नाही, असा ठराव समितीने केला असून तो वहीत लिहून ठेवला आहे.